तेल शोधणाऱ्या कंपनीचा शेअर घेताय? आधी कॅश बघा, बॅरल नंतर मोजा

तेल शोधणारी छोटी कंपनी म्हणजे काय, तर जिच्याकडे विकायला तेल अजून नाहीये. लायसन्सवर घेतलेला जमिनीचा नाहीतर समुद्राचा एखादा ब्लॉक असतो, थोडी कॅश असते आणि एक प्रेझेंटेशन असतं. त्यातले सिस्मिकचे, म्हणजे जमिनीखालच्या थरांच्या ध्वनिलहरींनी केलेल्या पाहणीचे, रंगीत नकाशे आपल्यापैकी बहुतेकांना कळत नाहीत, कळल्यासारखं वाटतं फक्त. म्हणून माझं म्हणणं की सुरुवात तिथून करूच नका, दगड नाही कळले तरी हिशोब तर कळतो ना.

शेवटचा तिमाही किंवा सहामाही रिपोर्ट काढा आणि थेट कॅश फ्लोच्या पानावर जा. बँकेत किती आहेत, पगार-ऑफिसवर महिन्याला किती जातायत, आणि पुढच्या विहिरीचा कंपनीच्या वाट्याचा खर्च किती. खोल समुद्रातली एक विहीर ५ ते १० कोटी डॉलर सहज खाते, कधी त्याहून जास्त, जमिनीवरची बरीच स्वस्त पडते. पैसे पुरत नसतील तर कंपनी बहुतेक वेळा नवे शेअर काढणार, तेही चालू भावापेक्षा स्वस्तात. आज १०० कोटी शेअर आहेत आणि ५० कोटी नवे आले तर तुमचा हिस्सा एक तृतीयांशाने कमी झाला, तेल सापडो न सापडो. त्यामुळे कुठलाही हिशोब आजच्या शेअरसंख्येवर करू नका, वॉरंट आणि ऑप्शन (म्हणजे ठरलेल्या भावाला नवे शेअर घ्यायचे इतरांना दिलेले हक्क) आणि येऊ घातलेले शेअर सगळे धरून करा.

दुसरा रस्ता म्हणजे फार्म-आउट. मोठी कंपनी ब्लॉकमध्ये हिस्सा घेते आणि बदल्यात विहिरीचा खर्च उचलते. मला तरी हीच सगळ्यात चांगली खूण वाटते, कारण त्यांचे जिऑलॉजिस्ट सगळा डेटा तपासून मगच पैसे टाकतात. उलट दोन-तीन वर्षं नुसतं 'बोलणी चालू आहेत' ऐकू येत असेल तर समजून जा.

आता बॅरल. हेडलाइनमध्ये '३० कोटी बॅरल' दिसलं की आधी शोधा की हे नेमकं कुठल्या खात्यातलं आहे. प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्स म्हणजे अजून सापडलेलंच नाही, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. कंटिंजंट म्हणजे सापडलंय पण काढणं परवडेल की नाही, परवानगी मिळेल की नाही हे ठरायचंय. रिझर्व्ह म्हणजेच खरा साठा, त्यातही वन-पी, टू-पी, थ्री-पी असतं, म्हणजे तेवढं तेल निघण्याची शक्यता साधारण ९०, ५० आणि १० टक्के. आणि 'इन प्लेस' लिहिलं असेल तर अजूनच सावध, ते जमिनीखाली असलेलं एकूण तेल, त्यातला काही भागच वर येतो. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या हॉर्स हिलच्या विहिरीवरून त्या सगळ्या परिसरात १०० अब्ज बॅरल असल्याच्या बातम्या आल्या, शेअर उसळला, पण तो आकडा इन प्लेसचा होता, आणि त्यातलं किती काढता येईल याचा अंदाज कंपनीनेच ३ ते १५ टक्के दिला होता. रिझर्व्हवर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा का, तर तेही नाही, २००४ मध्ये शेलसारख्या कंपनीने आपल्या सिद्ध (म्हणजे वन-पी) साठ्यातले जवळपास २० टक्के वगळले होते.

मग काटछाट करा. ३० कोटी बॅरलमध्ये कंपनीचा हिस्सा २५ टक्के असेल तर उरले साडेसात कोटी. पुढे यशाची शक्यता. तेल तयार करणारा खडक, ते साठवणारा खडक, अडवून धरणारी रचना आणि वरचं झाकण, चारही हवेत. समजा शक्यता ७०, ६०, ५० आणि ७० टक्के, एकेक आकडा बरा दिसतो, पण गुणाकार केला की जेमतेम १५. साडेसात कोटीचे राहिले सव्वा कोटीच्याही आत. हा आकडा फक्त दोन कंपन्यांची तुलना करायला, प्रत्यक्षात विहीर एकतर कोरडी निघते नाहीतर तेल लागतं.

ड्रिलिंग चालू असताना येणाऱ्या बातम्या हळू वाचा. 'ऑइल शोज' म्हणजे तेलाच्या खुणा दिसल्या, एवढंच. फ्लो टेस्ट, म्हणजे विहिरीतून तेल प्रत्यक्ष वाहतं का याची चाचणी, झाली का, किती तास, दिवसाला किती बॅरल आणि सोबत पाणी किती, हे बघा. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांजवळ डिझायर पेट्रोलियम या छोट्या कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये तेल लागल्याचे संकेत असल्याचं सांगितलं आणि काही दिवसांतच ते पाणी असल्याचं कळवलं, शेअर कोसळला. तिथलंच सी लायन हे फील्ड मात्र खरंच सापडलं, तेही २०१०लाच, पण १५ वर्षांनीही उत्पादन सुरू झालं नव्हतं. तोपर्यंत शेअरहोल्डरने काय करायचं?

मॅनेजमेंटबद्दल थोडक्यात: आधी किती विहिरी खोदल्या, स्वतःच्या खिशातून शेअर घेतलेत का, आणि कॅशच्या मानाने पगार किती.

भाव बऱ्याचदा विहीर सुरू व्हायच्या आधीच चढतो, म्हणून बरेच जण निकालाआधी अर्धे विकून मुद्दल काढून घेतात. मला हे पटतं. स्टॉप-लॉसवर, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकायच्या ऑर्डरवर, मात्र विसंबू नका, कोरड्या विहिरीची बातमी बाजार उघडायच्या आधी आली की शेअर खालच्याच भावाला उघडतो आणि तुमची ऑर्डर तिथेच लागते.