घर नाकारलेल्यांची गोधडी कशी शिवायची (आम्ही बडोद्यात शिवली तशी)

आधी हे सुचलं कुठून ते सांगते, नाहीतर नुसतं शिवणकाम होईल. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून काळ्या लोकांचं गाव आहे, तीन बाजूंनी नदीचं वळण. तिथल्या बायका शेतात घालून विरलेल्या पँटी, शर्ट, गोण्या असलं सगळं जोडून पिढ्यानपिढ्या गोधड्या करत आल्यात. 1962 मधे तिथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे जायला लागले तर फेरीबोटच बंद केली, ती परत सुरू व्हायला 2006 उजाडलं! त्याच भागातल्या बायकांनी 1966 ला फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढून गोधड्या विकल्या. आणि 1942 ला तिथल्याच मिसूरी पेटवे या बाईने नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून आणि त्याच्या मायेत झोपता यावं म्हणून. हे वाचलं आणि मला माझी आजी दिसली, आजोबांच्या धोतरांची वाकळ तिने शेवटपर्यंत कुणाला हात लावू दिली नाही.

आता आपलं बडोदं. सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब 1913 ला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, काळ्या लोकांची वस्ती म्हणून ओळखलं जाणारं हार्लेम तिथून अगदी जवळ. 1917 ला संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले तर राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं, मग कमाटीबागेत येऊन बसले. याच बाबासाहेबांनी 1946 मधे काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. म्हणून आमच्या गोधडीचा विषय एकच ठरवला, आडनाव विचारून कुणाकुणाला भाड्याने घर नाकारलं. मलाही एका घरमालकाने ॲडव्हान्स परत दिलाय, फक्त आडनाव ऐकून.

पहिलं काम ऐकायचं, कात्री नंतर. एका बैठकीला दहा-बारा जणी पुरतात, एकीच्या घरी दुपारी बसा, चहा ठेवा, आणि प्रत्येकीने एकच प्रसंग सांगायचा. मधे कुणी "जाऊदे गं, होतं असं" म्हणायचं नाही, हा नियम मी फार कडक पाळते कारण त्या एका वाक्याने बाई परत गप्प होते. कुणाला रडू आलं तर थांबा, पाणी द्या, विषय बदलू नका. आमच्यात एक मावशी चाळीस वर्षांपूर्वीचं पहिल्यांदाच बोलल्या आणि त्यांच्या मुलीलाही ते माहीत नव्हतं. खरं नाव घालायचं का हे ज्याचं त्याने ठरवायचं, शिवून झाल्यावरही नको वाटलं तर उसवायचं.

मग कापड. त्या प्रसंगाच्या माणसाचंच वापरलेलं सुती कापड आणायला सांगा, साडी, शर्ट, शाळेचा युनिफॉर्म, काहीही. नवीन कापड आणू नका प्लीज, त्यात माणूस नसतो. रंग जातो का बघायला आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा, मग सगळं धुऊन इस्त्री करा. चौकोन 13 इंचाचे कापा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो, उरतो बरोबर 12. असे 24 झाले की 4 बाय 6 फुटांची गोधडी.

चौकोनावर एक घर ठिगळाने लावा, दार बंद ठेवायचं की उघडं ते तिचं तिने ठरवावं. खाली तिचंच एक वाक्य पेन्सिलीने लिहून साखळी टाक्याने भरा, जसं बोलली तसंच, शुद्धलेखन दुरुस्त करू नका. गोधडीवर गोष्ट लिहायची ही पद्धत हार्लेमच्या काळ्या चित्रकार फेथ रिंगोल्डची. तिचं आत्मचरित्र कुणी छापेना तेव्हा ती 1980 नंतर कापडावरच गोष्टी लिहायला लागली.

चौकोन जोडून झाले की खाली जुनी नऊवारी पसरा, मधे एक-दोन विरलेल्या साड्या, वर हे. मधून कडेकडे जात मोठे कच्चे टाके घाला म्हणजे चुण्या पडत नाहीत. मग जाड सुईने धावदोरा, कडेपासून सुरू करून फिरत फिरत आत. कर्नाटकातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी म्हणजे गोधडी अशीच शिवतात आणि चार कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात, त्यांचेही पूर्वज आफ्रिकेतून आलेले. आपल्या इथून जवळ रतनपूरलाही सिद्दी वस्ती आहे. ही रीत घेतली तर त्यांचं नाव सांगा, आपली म्हणून खपवू नका, काळ्या लोकांच्या कलेचं असं खूप झालंय.

टांगायला वरच्या कडेला मागून कापडी नळी शिवा, त्यात बांबू जातो. आम्ही 23 सप्टेंबरला, म्हणजे बाबासाहेब कमाटीबागेत बसले त्या दिवसाच्या आठवणीला, तिथल्याच संकल्पभूमीवर न्यायचं ठरवलंय, सार्वजनिक जागेत लावणार असाल तर परवानगी आधी लेखी घ्या. शेजारी दोघी जणी उभ्या राहून विचारेल त्याला गोष्ट सांगतील अशा पाळ्या लावा, कापड एकटं सोडू नका.

आणि एक वही करा, चौकोनाचा नंबर, कापड कुणाचं, प्रसंग कुठल्या वर्षीचा, सांगणारीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केलाय का. गोधडी प्लॅस्टिकमधे ठेवू नका, धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळा, कडुलिंबाचा सुकलेला पाला घाला आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर कापड फाटतं.