दशावताराचे चित्रीकरण लॅपटॉपच्या कळांनी कसे संपादित करावे

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि देवळासमोर रात्री उभे राहिलेले दशावतारी नाटक पहाटेपर्यंत चालते. हल्ली बहुतेक जत्रांत कोणी ना कोणी त्याचे चित्रीकरण करते. पण कित्येक तासांच्या त्या चित्रीकरणातून एखादा प्रवेश नीट वेगळा काढायचा म्हटले, की टचपॅडवर बोट फिरवणारा माणूस थकून जातो. वेळ जातो हे खरेच, परंतु त्याहून मोठे नुकसान दुसरे आहे. टचपॅडने फिरणारा बाण कुठे नेला हे पाहण्यासाठी नजर चित्रावरून हटते आणि मृदंग व झांज यांच्या ठोक्याकडे असलेले कान तेवढ्यापुरते निसटतात. दशावतारात पात्राचे पाऊल ठोक्यावर पडते, म्हणून चित्र कापायचे तेही ठोक्यावरच कापले पाहिजे. कीबोर्ड शॉर्टकट शिकायचे ते यासाठी, की हात कळांवर राहावेत आणि डोळे नटावर.

येथे डाव्हिंची रिझॉल्व्ह या चित्रीकरण संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरची विंडोजवरील मोफत आवृत्ती धरली आहे. प्रीमियर प्रो हे तशाच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी जेथे फरक आहे तेथे तो सांगितला आहे.

आधी लॅपटॉप तयार करावा

मराठी उपशीर्षके टंकण्यासाठी आपण देवनागरी कीबोर्ड चालू करतो आणि तो तसाच राहिला तर अक्षरांचे शॉर्टकट काम करेनासे होतात. सॉफ्टवेअर बिघडले असे वाटते, प्रत्यक्षात फक्त भाषा बदललेली असते. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी कीबोर्डवर परत यावे. तेवढ्यानेही कळा चालल्या नाहीत, तर कर्सर शीर्षकाच्या चौकटीत अडकला आहे का ते पाहावे आणि टाइमलाइनवर, म्हणजे चित्रीकरणाचे तुकडे (क्लिप) ज्या पट्टीवर ओळीने मांडलेले असतात तिच्यावर, एकदा क्लिक करावे. अनेक लॅपटॉपवर वरच्या ओळीतील एफ-कळा आवाज व प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी लावलेल्या असतात. तेथे एफएन धरून ती कळ दाबावी लागते. होम आणि एंड या कळा वेगळ्या नसतील, तर पुष्कळ लॅपटॉपवर एफएनसह डावा व उजवा बाण त्यांचे काम करतात.

जे, के, एल

या तीन कळा पक्क्या बसल्याशिवाय पुढचे काही शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उजव्या हाताची तर्जनी जेवर, मधले बोट केवर आणि अनामिका एलवर ठेवावी. एल दाबल्यावर चित्र पुढे चालते, के दाबल्यावर थांबते आणि जे दाबल्यावर मागे जाते. एल पुन्हा दाबली की वेग वाढतो, आणखी दाबली की आणखी वाढतो. के धरून ठेवून एल दाबून ठेवली तर चित्र संथ चालते आणि एल फक्त टिचकी मारल्यासारखी दाबली तर नेमकी एक फ्रेम, म्हणजे चित्रीकरणातले एक स्थिर चित्र, पुढे सरकते. केसह जे वापरल्यास तसेच मागे जाता येते.

पहिल्या फेरीत काहीही कापू नये. दुप्पट वेगाने संपूर्ण चित्रीकरण पाहावे आणि चालू असतानाच एम दाबून खुणेचा मार्कर टाकत जावे: गणपतीचा प्रवेश, संकासुराचा प्रवेश, आख्यानाची सुरुवात, युद्धाचा प्रसंग. चार तासांचे नाटक दोन तासांत पाहून होते आणि हाताशी सगळ्या रात्रीचा आराखडा येतो. पुढे रिझॉल्व्हमध्ये शिफ्टसह वरचा किंवा खालचा बाण दाबून एका मार्करवरून दुसऱ्यावर उडी मारता येते. दूरवर पसरलेली टाइमलाइन एका नजरेत हवी असेल तर शिफ्ट आणि झेड दाबावे; प्रीमियर प्रोमध्ये त्यासाठी उलटी तिरकी रेघ असलेली कळ आहे.

ठोक्यावर कापणे

मार्करवर जाऊन त्याच्या थोडे आधीपासून एल दाबून ऐकावे आणि झांजेचा ठोका पडताच के दाबावी. कान कितीही तयार असला तरी बोट किंचित उशिराच पडते, त्यामुळे डाव्या बाणाने एकेक फ्रेम मागे यावे. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. मागे येण्याचे अंतर काही मोजक्या फ्रेमचेच असते. ध्वनीच्या लाटेत ठोका उंच टोकासारखा दिसतो, त्याच्या लगेच आधी थांबावे आणि कंट्रोल व बी दाबून क्लिप कापावी. प्रीमियर प्रोमध्ये हेच काम कंट्रोल व के करतात. ब्लेडचे साधन हातात घेऊन क्लिपवर क्लिक करण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण तीत नजर पुन्हा बाणामागे जाते.

कापलेला नको असलेला तुकडा काढताना रिझॉल्व्हमधील एक भेद नीट लक्षात ठेवावा: बॅकस्पेसने तुकडा जातो पण त्याची मोकळी जागा राहते, डिलीटने तुकडा जातो आणि पुढच्या क्लिप सरकून जागा भरतात. प्रीमियर प्रोमध्ये जागा भरून काढण्यासाठी शिफ्टसह डिलीट दाबावे. क्लिपच्या सुरुवातीचा रिकामा भाग उडवायचा असेल, म्हणजे पडदा आहे पण पात्र अजून आलेले नाही, तर प्रीमियर प्रोमध्ये क्यू आणि रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल, शिफ्ट व डावा चौकोनी कंस एकाच वेळी कापणे व सरकवणे ही दोन्ही कामे करतात. शेवटच्या भागासाठी अनुक्रमे डब्ल्यू आणि कंट्रोल, शिफ्ट व उजवा चौकोनी कंस. एक कापणी झाली की वर-खाली बाणांनी शेजारच्या कापणीवर जाऊन प्रत्येक जोड ऐकून घ्यावा. ठोका चुकलेला वाटला तर कंट्रोल व झेडने माघार घ्यावी.

रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल व टी आणि प्रीमियर प्रोमध्ये कंट्रोल व डी दाबले की दोन क्लिपमध्ये संक्रमण येते. युद्धाच्या प्रसंगात ते वापरू नये. तेथे चित्र विरघळले की पावलांचा जोर नाहीसा होतो. एक आख्यान संपून दुसरा प्रवेश सुरू होतो तेथे मात्र ते शोभते.

जतन आणि स्वतःची मांडणी

जत्रा संपल्यावर संपादन पावसाळ्यापर्यंत लांबते आणि त्या दिवसांत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. प्रत्येक प्रवेश संपला की कंट्रोल व एस दाबण्याची सवय लावावी. शिवाय रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये लाइव्ह सेव्ह, म्हणजे काम आपोआप जतन होण्याची सोय, चालू आहे ना, तेही पाहून घ्यावे.

रोज सात-आठच कळा वापरून त्या बोटांत बसल्या की मगच नव्या घ्याव्यात. एखादा शॉर्टकट लहान कीबोर्डवर फारच अडचणीचा होत असेल, तर कंट्रोल, ऑल्ट व के दाबल्यावर दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये कळांची मांडणी उघडते आणि तेथे आपल्याला सोयीची कळ नेमता येते. पूर्वी प्रीमियर प्रो वापरलेल्यांना रिझॉल्व्हमध्ये त्याचीच तयार मांडणी निवडता येते. बदललेली मांडणी त्याच खिडकीतून फाइल म्हणून बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवावी, म्हणजे मंडळीतील दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर बसून काम करायची वेळ आली तरी तीच मांडणी तेथे भरता येते.