काचेऐवजी प्लास्टिकची पट्टी: तोंडाच्या पेशी तपासताना या चुका टाळा

काचेची स्लाइड काही फार महाग नाही. पण तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी गगनबावड्याच्या शिबिराला एसटीतून खोकं नेलं, की निम्म्या काचांना तडे जातात. म्हणून ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक प्लास्टिकची शीट) ७५ × २५ मिलिमीटरमध्ये कापून वापरायची युक्ती चांगलीच आहे. बिघडतं ते पुढचं सगळं काचेच्या सवयीनं केल्यामुळे.

पहिली गफलत दुकानातच होते. इंकजेट प्रिंटरच्या शीटला एका बाजूनं शाई शोषणारा लेप असतो. त्यावर स्मिअर, म्हणजे खरवडलेल्या पेशींचा पातळ थर, पसरला, तर पेशी रंगवायचा टोल्युडिन ब्लू लेपालाच लागतो आणि पेशी शोधत बसावं लागतं. ओलं बोट टेकवून बघा. चिकट लागली ती बाजू नको. लेप नसलेली साधी पॉलिस्टरची शीट मागा. मिठाईच्या डब्याची पारदर्शक झाकणं कापायचा मोह तर टाळाच. त्यांतली बरीचशी पॉलिस्टायरीनची असतात, झायलीन हे द्रावक लागलं की विरघळतात. आणि स्मिअरवर झाकणकाच चिकटवायच्या डीपीएक्समध्येही झायलीन असतंच, हे ऐन वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

पावसाळ्यात स्मिअर वाळेना म्हणून पट्टी दिव्यावर धरू नका, वाकडी होते. वाकलेल्या पट्टीवर सूक्ष्मदर्शकाच्या ४० एक्स भिंगाखाली एक कोपरा स्पष्ट दिसला, की दुसरा धूसर. एक काचेची स्लाइड कायम सोबत ठेवा, तिच्यावर पाण्याचा थेंब टाका आणि पट्टी वर बसवा, सपाट चिकटते. पॅप स्टेन (पेशी रंगवायची दुसरी पद्धत) करायचा असेल, तर मुळात वाळूच देऊ नका, ओला स्मिअर लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका.

नाव मार्करनं लिहाल, तर तेच अल्कोहोल ते पुसून टाकेल. सुईनं नंबर कोरा.

खरवडण्याआधी चूळ भरायला सांगा, नाहीतर मिश्रीचे काळे कण पेशींवर बसतात. तोंडातल्या पांढऱ्या जाड चट्ट्यावर हलका हात फिरवला, तर केंद्रक नसलेले केराटिनचे (वरच्या कडक थराचे) पापुद्रेच येतात. जरा दाबून घासा. तरीही पट्टी निर्दोष दिसली म्हणून दोन आठवडे न भरलेली जखम घेऊन आलेल्या मावशींना घरी पाठवू नका. त्यांना बायोप्सीसाठी (तुकडा काढून तपासण्यासाठी) कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचा रस्ता दाखवा.

वापरलेल्या पट्ट्या धुऊन पुन्हा घेऊ नयेत. त्या १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक ब्लीच) बुडवून, मग जैववैद्यकीय कचऱ्यात.