‘ओन्ली’ कुठे लावायचा आणि ‘च’ कुठे सोडायचा

मस्कतच्या एका हॉस्पिटलमध्ये मी नर्स होते. एकदा नाइट ड्युटी संपवताना फाइलमध्ये ओळ लिहिली, ‘टॅब्लेट स्टॉप्ड ॲट नाइट ओन्ली.’ मला म्हणायचं होतं, डॉक्टरांनी ही गोळी रात्रीच बंद केली आहे. माझ्यानंतर आलेल्या फिलिपिनो सिस्टरने ती ओळ वाचली आणि सकाळची गोळी ट्रेमध्ये ठेवून ती निघाली. तिच्या वाचण्यात काहीही चूक नव्हती. इंग्रजीत त्या ओळीचा अर्थ होतो, गोळी फक्त रात्रीची बंद, बाकीच्या वेळची चालू. मी अजून वॉर्डच्या दारातच होते म्हणून ट्रे दिसला, पळत जाऊन तिला थांबवलं. पेशंटला काही झालं नाही. पण ती ओळ माझ्या मनातून कधी गेली नाही. आता मिरजेत संध्याकाळी नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवते आणि पहिला आठवडा या एका शब्दाला देते.

गोची आपल्या ‘च’मध्ये आहे. तो दोन कामं करतो. ‘मला दहाच रुपये दे’ म्हटलं की दहाच्या वरचं सगळं वगळलं जातं. ‘मी आत्ताच आले’, ‘इथेच बस’, ‘तेच तर म्हणते मी’ यांत मात्र वगळणं नसतं, नुसता जोर असतो. ‘ओन्ली’ला पहिलं काम येतं, हे दुसरं येत नाही. हिंदीतला ‘ही’ आणि गुजरातीतला ‘ज’सुद्धा आपल्या ‘च’सारखेच दोन्हीकडे राबतात, म्हणून ‘आय ॲम कमिंग टुमॉरो ओन्ली’ असं आपल्याकडे म्हटलं की समोरच्याला बरोबर कळतं. आपल्या माणसांत खुशाल म्हणा, मी मुलींना त्यावरून कधी टोकत नाही. पण ऐकणारा बाहेरचा असेल किंवा कागदावर लिहायचं असेल, तर आधी पारखून घ्यायला हवं.

पारख सोपी आहे. मराठी वाक्य मनात म्हणायचं, ‘च’ काढायचा आणि त्याच शब्दाच्या आधी ‘फक्त’ घालून बघायचं. ‘फक्त दहा रुपये दे’ हे छान बसतं, तिथे ओन्ली चालेल. ‘मी फक्त आत्ता आले’ हे कानाला लगेच खटकतं, तिथे ओन्ली नको. ‘डॉक्टरांनी ही गोळी फक्त रात्री बंद केली’ हे वाक्य बसल्यासारखं वाटतं, पण अर्थ पार पालटला. तिथे तर ओन्ली मुळीच नको.

मग जोराच्या ‘च’साठी काय वापरायचं? एकच शब्द सगळीकडे पुरत नाही. ‘आत्ताच आले’ला ‘जस्ट’ हवा, ‘आय हॅव जस्ट कम’. ‘इथेच बस’ला ‘राइट’ हवा, ‘सिट राइट हिअर’. ‘मी आधीच सांगितलं होतं’ला ‘ऑलरेडी’ लागतो. आणि पुष्कळदा काहीच लागत नाही: ‘आय ॲम कमिंग टुमॉरो’ म्हणताना ‘टुमॉरो’वर आवाज टाकला की आपला ‘उद्याच’ आलाच. माझ्या त्या ओळीला तर ओन्लीची गरजच नव्हती. ‘स्टॉप्ड लास्ट नाइट ॲट टेन, डू नॉट गिव्ह’ एवढं लिहिलं असतं तर कोणालाही शंका आली नसती. गोळीच्या बाबतीत वेळ लिहा, जोर देत बसू नका.

दुसरी गोष्ट जागेची. ‘च’ शब्दाच्या शेवटी चिकटतो, ओन्ली शब्दाच्या आधी उभा राहतो. ‘मी शनिवारी आईला फोन केला’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि मुलींकडून ओन्ली एकेक घर पुढे सरकवून घेते. ‘ओन्ली आय कॉल्ड आई’, म्हणजे मीच केला, भावंडांनी नाही. ‘आय ओन्ली कॉल्ड आई’, म्हणजे फोनच केला, भेटायला गेले नाही. ‘आय कॉल्ड ओन्ली आई’, म्हणजे आईलाच, मावशीला नाही. ‘आय कॉल्ड आई ओन्ली ऑन सॅटर्डे’, म्हणजे शनिवारीच, इतर वारी नाही. बोलताना इंग्रज माणूस यातलं दुसरं वाक्य तिसऱ्याच्या अर्थानेही सर्रास वापरतो आणि फरक आवाजाने दाखवतो. हेन्री फाउलर या इंग्रजीच्या नामांकित जाणकारांनी १९२६ साली या सवयीची बाजूच घेतली होती, आणि बोलण्यापुरतं ते मलाही पटतं. पण फाइलला आवाज नसतो. तिथे ज्या शब्दाबद्दल बोलायचं त्याला अगदी खेटूनच ओन्ली लिहायचा.

पाटीवर आणि लेबलवर मात्र तो शेवटी येतो: ‘स्टाफ ओन्ली’, मलमाच्या ट्यूबवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’. चेकवर ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’ लिहितो तेही तसंच. आपल्या पावतीवरच्या ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’मधला ‘फक्त’ म्हणजे हाच ओन्ली. रकमेपुढे कोणी आणखी अक्षरं वाढवू नयेत म्हणून लावलेली ती कडी आहे.

या शब्दाचं मूळ सांगितलं की मुलींचे चेहरे खुलतात. ओन्ली निघाला ‘वन’पासून. जुन्या इंग्रजीत तो ‘आन्लिक’ होता, म्हणजे एकासारखा. ‘अलोन’ही त्याच घरातला. पुढे ‘वन’चा उच्चार बदलला, ओन्ली आणि अलोन यांनी मात्र तो जुना ‘ओ’ सांभाळून ठेवला. आपल्याकडेही एकापासून एकटा, एकुलता, एकमेव झालेच की. म्हणून ‘द ओन्ली डॉक्टर इन द व्हिलेज’ म्हणजे गावातला एकमेव डॉक्टर. फॉर्म भरताना मात्र जपा. एका मुलीने ‘आय ॲम ॲन ओन्ली चाइल्ड’ लिहिलं आणि पुढच्याच रकान्यात भावाचं नाव. आपल्याकडे भाऊ असला तरी घरातली एकच मुलगी ‘एकुलती एक मुलगी’ असू शकते. इंग्रजीत तिने ‘ओन्ली डॉटर’ लिहायचं. ‘ओन्ली चाइल्ड’ला भाऊ नसतो, बहीणही नसते.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ यांची अदलाबदल फार होते. माझ्या वर्गात निम्म्या मुली शेतकऱ्यांच्या घरच्या आहेत, त्यांना पावसाचं उदाहरण एकदा दिलं की पुरतं. ‘पाऊस पडला तरच पेरू’, इथे ‘ओन्ली इफ’. ‘पाऊस पडला असता तर!’ म्हणून हळहळायचं, तिथे ‘इफ ओन्ली’. एकात अट आहे, दुसऱ्यात हुरहुर.

‘ओन्ली देन’साठी आपल्याकडे ‘तेव्हा कुठे’ आहे. ‘रिपोर्ट आला तेव्हा कुठे कळलं.’ यात एक पथ्य आहे, पुढे वाक्याचा क्रम उलटतो: ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’. हा ‘डिड’ विसरू नका, बाहेरच्या मुलाखतीत तो बरोबर आला की समोरची व्यक्ती सरसावून बसते. आणि ‘ओन्ली टु’ म्हणजे आपलं ‘बघते तर’. ‘आय रॅन टु द स्टँड ओन्ली टु सी द बस लीव्हिंग’, धावत स्टँडवर गेले, बघते तर एसटी सुटलेली!

शेवटचा प्रयोग मी नाइट ड्युटीसाठी मुद्दाम पाठ करून घेते. वॉर्डमध्ये अंधार असतो, तुम्ही सलाइन बघायला जाता आणि म्हातारं माणूस दचकून जागं होतं. तेव्हा हळू आवाजात म्हणायचं, ‘इट्स ओन्ली मी.’ घाबरू नका आजी, मीच आहे.