साखरआंबा दुबईला पाठवताना निर्बंधांची तपासणी कशी करावी

अमेरिकेने इराणवर घातलेल्या निर्बंधांतही अन्नपदार्थांना सूट आहे, त्यामुळे साखरआंब्याची बरणी सहसा बंदीच्या यादीत सापडत नाही. यादीत असतात त्या व्यक्ती, कंपन्या, बँका आणि जहाजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून दुबईला जॅम, मोरावळा किंवा साखरआंबा पाठवणाऱ्या लहान उत्पादकाने हा फरक ऑर्डर घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावा. दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरणारा बराच माल तेथे खपत नाही, तो पुढे अन्य देशांत फेरनिर्यात होतो, आणि आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावर इराणचे बंदर अब्बास आहे.

मूलभूत कागदपत्रांविषयी थोडक्यातच सांगता येईल. परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयईसी (आयात-निर्यात कोड) क्रमांक, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आणि अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी, आणि प्रत्येक घाण्याच्या विद्राव्य घनपदार्थांची नोंद ठेवावी. जॅमसाठी ते रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे हे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर, किमान 65 टक्के आले पाहिजेत. वर्गीकरणाकडे मात्र बारकाईने पाहावे. फळ साखरेत शिजवून घोटलेला जॅम सीमाशुल्काच्या मालवर्गीकरणात 2007 या कोडच्या शीर्षकाखाली येतो, पाकात ठेवलेला अख्खा आवळा 2008 खाली, तर पाक निथळून सुकवलेली आवळाकँडी 2006 खाली. भारत-संयुक्त अरब अमिराती करार 1 मे 2022 पासून लागू आहे. त्याखालची शुल्कसवलत मागताना उत्पत्ती प्रमाणपत्रावरचा आणि शिपिंग बिलावरचा (सीमाशुल्काकडे भरायच्या निर्यात अर्जावरचा) कोड वेगळा असेल, तर सवलतीवर प्रश्न उपस्थित होतोच, शिवाय मालाचे वर्णन संशयास्पद ठरते.

खरेदीदाराची तपासणी हा या कामाचा गाभा आहे. त्याच्याकडून व्यापार परवान्याची प्रत, मालकांची पासपोर्टप्रमाणे पूर्ण नावे, जन्मतारखा आणि भागीदारीचे प्रमाण लेखी मागवावे आणि ही नावे ओफॅक (निर्बंध राबवणारे अमेरिकी अर्थखात्याचे कार्यालय), संयुक्त राष्ट्रे आणि युरोपीय संघ यांच्या याद्यांत शोधावीत. तिन्ही याद्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. अरबी-फारसी नावे रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिली जातात, म्हणून एकाच स्पेलिंगवर थांबू नये. कंपनीचे नाव यादीत नाही एवढ्यावर समाधान मानणेही चुकीचे आहे: यादीतील व्यक्तींचा मिळून 50 टक्के किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेली कंपनी ओफॅकच्या नियमानुसार आपोआप निर्बंधाखाली येते, मग तिचे नाव कोठेही छापलेले नसो. मोबाइलच्या सुट्या भागांचा परवाना असलेली पेढी एकाएकी दोन कंटेनर मोरावळा मागत असेल, किंवा बरणीवर उत्पादक देशाचे नाव नको म्हणत असेल, तर ऑर्डर नाकारावी. असा व्यवहार हातचा गेल्याची हळहळ फार दिवस टिकत नाही.

पैशाचा मार्ग करारातच लिहून घ्यावा. डॉलरमधील रक्कम मुंबईच्या खात्यात येण्यापूर्वी बहुधा न्यूयॉर्कमधील मध्यस्थ बँकेतून जाते आणि तेथे खरेदीदार, त्याची बँक, जहाज व बंदर यांची नावे संगणकावर चाळली जातात. जुलै 2023 मध्ये रिझर्व्ह बँक आणि अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने रुपया-दिरहम व्यवहारांसाठी सामंजस्य करार केल्याने डॉलर टाळता येतो, पण त्यामुळे तपासणी टळते असे समजू नये. आपली बँकही तेच प्रश्न विचारते. माल एकाने घ्यायचा आणि पैसे शारजातील किंवा तिसऱ्याच देशातील दुसऱ्याने पाठवायचे, ही तेथील बाजारात नेहमीची रीत आहे. तसे करायचे असल्यास त्रिपक्षीय करार करून माल निघण्यापूर्वी आपल्या बँकेची संमती घ्यावी. ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीचे विमासंरक्षण अवश्य घ्यावे, मात्र निर्यातदाराने स्वतःच नियम मोडला असेल तर त्याचा आधार मिळत नाही.

जहाजाचे नाव आणि त्याचा आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) फॉरवर्डरकडून, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या एजंटाकडून, आधी मागवावा, कारण जहाजाचे नाव व झेंडा बदलतात, हा क्रमांक बदलत नाही. इराणची आयआरआयएसएल ही जहाज कंपनी ओफॅकच्या यादीत आहे, आणि तिच्या जहाजावर चढलेल्या जॅमला अन्नपदार्थ म्हणून मिळणारी सूट वाचवेलच असे नाही. विक्रीकरारात मालाचे अंतिम ठिकाण, फेरनिर्यातीपूर्वी लेखी परवानगीची अट, आणि निर्बंधांमुळे व्यवहार थांबवावा लागल्यास दंड न लागण्याचे कलम असावे. जहाज सुटल्यावर बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) बदलून दुसरे बंदर टाकण्याची विनंती आली, तर ती मान्य करू नये.

लेबलाचा या सगळ्याशी संबंध वेळेमुळे येतो. अमिरातीत मजकूर अरबीत लागतो आणि त्यासाठी स्टिकर चालू शकतो, पण उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख मूळ बरणीवर किंवा झाकणावरच छापलेली असावी लागते. बँकेच्या शंकेमुळे कंटेनर महिनाभर बंदरात राहिला, तर विलंबशुल्क चढते, उन्हाने आंब्याचा रंग काळवंडतो आणि दुकानदाराला हवी असलेली शिल्लक मुदत उरत नाही. म्हणून बरण्या भरल्यावर नव्हे, तर आगाऊ रक्कम आल्यावर आणि बँकेने कागद पाहिल्यावरच कंटेनर बोलवावा.

एवढे करूनही पैसे अडकले, तर बँकेच्या प्रश्नांना खरेदीदाराचा व्यापार परवाना, बिल ऑफ लेडिंग आणि तेथील सीमाशुल्काची आयात नोंद जोडून लेखी उत्तर द्यावे. बिलातील वर्णन किंवा खरेदीदाराचे नाव बदलून, अथवा रक्कम तुकड्यांत विभागून पुन्हा पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो ऐकू नये; विलंबाचे रूपांतर निर्बंध चुकवण्याच्या आरोपात होते ते अशानेच. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेने अशा उल्लंघनांवर कारवाईची मुदत 5 वर्षांवरून 10 वर्षांवर नेली आहे, त्यामुळे प्रत्येक खेपेची फाईल, याद्या तपासल्याच्या तारखेसह, तितकी वर्षे जपून ठेवावी.