जुन्या पिकअपमध्ये मोठं इंजिन: वेल्डिंग सगळ्यात शेवटी

इंजिन शक्यतो गिअरबॉक्स, कॉम्प्युटर, वायरिंग आणि अॅक्सिलरेटर पेडलसकट एकाच गाडीचं घ्या. नुसतं इंजिन स्वस्त पडतं, पण बाकीचं जमवताना ती बचत कधीच संपते.

जुनं इंजिन काढण्याआधी क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मध्याची चासीपासूनची उंची आणि गिअरबॉक्सचा कोन लिहून ठेवा. नवं इंजिन चेनब्लॉकने उतरवताना स्टार्टर, मॅनिफोल्ड, पुल्या, ऑइल फिल्टर सगळं लावलेलं हवं. रिकामा ब्लॉक कुठेही बसतो. स्टार्टर लावला की चासीला अडतो. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) यांच्यात निदान १२ मिमी, फॅन आणि रेडिएटरमध्ये २५ मिमी जागा सोडा.

कोन मोजताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असू द्या. एक्सल लोंबकळत असेल तर माप खोटं येतं. इंजिनाची मागची बाजू साधारण ३ अंश खाली, आणि डिफरन्शिअलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरपेटीचं) तोंड तितकंच वर. दोन्हींत १ अंशाचा फरक चालतो. त्याहून जास्त झाला की ठरावीक वेगाला गाडी थरथरते, आणि लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात! कोन अगदी शून्यही नको: प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधल्या (सांध्यातल्या) बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत आणि तिथेच खड्डे पाडतात.

आता फाउंडेशनला (इंजिन ज्यावर बसतं त्या ब्रॅकेटना) वेल्डिंगचे फक्त टाके मारा. सायलेन्सरचे पाइप आणि स्टिअरिंगचा दांडा मोकळे जातात हे पाहूनच पूर्ण वेल्डिंग करा. तेव्हा बॅटरी आणि कॉम्प्युटर सोडवलेले असावेत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) आवळल्यावर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा ऑइलचा ड्रम) हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (क्रँकला बसवलेल्या पातळ चकतीपासून) ३ ते ५ मिमी दूर राहिला पाहिजे. तो अडकलेला असताना बोल्ट ओढले तर गिअरबॉक्सचा पंप फुटतो.

कार्ब्युरेटरला पेट्रोलचा ५-७ पीएसआय दाब पुरतो, इंजेक्शनला ४० ते ६० लागतो. जुना पंप आणि रबरी नळ्या बदला. इंजिन रबरावर बसतं, म्हणून ब्लॉकपासून चासीला जाड अर्थिंग द्या. नाहीतर स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती जळते.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा.

पुढच्या स्प्रिंगा आणि ब्रेक वाढीव वजनाला साजेसे करा. मागचा एक्सल मात्र जुन्याच ताकदीचा आहे; क्लच झटक्यात सोडलात तर आधी तोच तुटेल.