क्ष-किरणांनी फोनॉन मोजताय? या चुका टाळा

मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिसंवाहक होतं हे २००१ मध्ये कळलं आणि त्याचे फोनॉन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची सामूहिक कंपनं, मोजायची घाई सुरू झाली. पण स्फटिक मिलिमीटरहून लहान, आणि नैसर्गिक बोरॉन न्यूट्रॉन गिळून टाकतो. म्हणून हे काम न्यूट्रॉनऐवजी क्ष-किरणांच्या इनइलॅस्टिक स्कॅटरिंगकडे (विखुरताना किरणांची ऊर्जा किती बदलली ते मोजण्याकडे) आलं. इथे मोडची (एकेका कंपनाची) ऊर्जा कळून भागत नाही, त्याच्या शिखराची रुंदी हवी असते; इलेक्ट्रॉनशी जोडणी जितकी घट्ट, तितका मोड रुंद. म्हणजे खोटी रुंदी कुठून शिरते हे आधी शोधायचं.

सगळ्यात महागात पडते ती क्यू-ची, म्हणजे विखुरताना क्ष-किरणांच्या संवेगात होणाऱ्या बदलाच्या सदिशाची, निवड. माझ्या पहिल्या बीमटाइमला (क्ष-किरण केंद्रावर मिळालेल्या वेळेत) सी-अक्षावरची, म्हणजे बोरॉनच्या थरांना लंब, दिशा हवी म्हणून मी क्यू-ही थेट सी-अक्षावर ठेवला. रात्र गेली, मोड दिसेना. दिसणारच नव्हता! ज्या ई-टू-जी मोडसाठी सगळा खटाटोप, त्यात बोरॉनचे अणू आपल्या थराच्या पातळीतच हलतात, आणि तीव्रता ठरते क्यू आणि अणूंच्या हालचालीची दिशा यांच्या डॉट प्रॉडक्टच्या वर्गावर. सी-अक्षावर तो शून्य. पातळीतला घटक मोठा असेल असा ब्रिलुआँ झोन (क्यू-च्या अवकाशाचा पुन्हापुन्हा येणारा एक तुकडा) घ्या आणि तिथून सी-च्या दिशेने सरका. क्यू मोठा घेतला की तीव्रताही वाढते.

मोड सापडला तरी स्कॅन आखूड ठेवू नका. हा मोड साधारण ६०-७० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टला असतो आणि सी-अक्षाच्या दिशेने त्याची रुंदी २० च्या घरात जाते. अरुंद खिडकीत तो पार्श्वभूमीसारखा सपाट भासतो. उलट, पातळीत ऊर्जा झपाट्याने बदलते तिथे ॲनालायझरची (विखुरलेल्या किरणांची ऊर्जा निवडणाऱ्या स्फटिकाची) स्लिट उघडी राहिली तर वेगवेगळे क्यू मिसळून अरुंद मोडही रुंद दिसतो. स्लिट निम्मी करून पाहा. रुंदी घटली तर ती स्फटिकाची नव्हती.

ऊर्जा बदलतो ती किरणं निवडणाऱ्या सिलिकॉन स्फटिकाचं तापमान बदलून. २१.७४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला एका केल्विनमागे जवळपास ५६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट सरकतात, म्हणजे १० मिलीकेल्विनची ढिलाई अर्ध्या मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त. दर काही तासांनी इलॅस्टिक रेषेवर (ऊर्जा न बदलता विखुरलेल्या किरणांच्या शिखरावर) परत या. शिवाय ३०० केल्विनला १० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचा मोड ऊर्जा-घट बाजूला ऊर्जा-वाढ बाजूपेक्षा सुमारे दीडपट उंच हवा. तसा नसेल तर फिटिंगआधी ऊर्जेचा शून्य तपासा.

नमुन्यात नायोबियम असेल तर किरणांची ऊर्जा विचारपूर्वक निवडा: त्याची के-एज (जिथे शोषण उडी घेतं ती ऊर्जा) १८.९८६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. १७.७९४ ला स्फटिक बराच पारदर्शक, २१.७४७ ला शोषण एकदम वाढतं.

नायोबियम डायसेलेनाइडमध्ये ३३ केल्विनजवळ मोड मऊ होत (ऊर्जा शून्याकडे घसरत) इलॅस्टिक रेषेत शिरतो. तिथे डिंकाचा एक थेंब बीममध्ये आला तरी त्याच्या चमकेत मोड बुडतो. स्फटिक कडेने चिकटवा. क्रायोस्टॅटच्या आकड्यावरही विसंबू नका, बीममुळे स्फटिक त्याहून गरम असू शकतो. चार्ज डेन्सिटी वेव्हचं (३३ केल्विनखाली बनणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेतल्या लाटेचं) सुपरलॅटिस शिखर, म्हणजे त्या लाटेमुळे येणारं जादा शिखर, कोणत्या आकड्याला उगवतं ते पाहा. ३३ ऐवजी ३१ ला उगवलं तर तेवढा फरक वहीत लिहून ठेवा.